गोळ्यांच्या डब्यावरचं वचन

मी, देवानंद बकाराम उईके, वय चोवीस, मूळ केशोरीचा, सध्या राहणार फुलचूर (मेळा नसेल तेव्हा), शुद्धीवर आहे, दारू प्यालेलो नाही, कोणी धाक घातलेला नाही. मला सिकलसेल आहे. उद्या नागपूरला भरती होतो, तिथं माझी प्लीहा काढणार, म्हणून हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो.

१. आकाशपाळण्याचे नटबोल्ट आवळायचे माझे सात पाने माझ्यासोबत पाळण्यावर काम करणाऱ्या धनेंद्रला. नागऱ्याच्या शिवरात्रीत आम्ही दोघांनी पाळणा उभा केला, तर आमचे पास्टर भुवनेश्वर म्हणाले, "ख्रिस्ती होऊन या जत्रेत काऊन?" त्यांच्या पोरांनी तेव्हाच दोन फेऱ्या फुकट मारल्या होत्या. असो. धनेंद्र, मोठा पाना घसरतो, फडकं गुंडाळून धर.

२. सायकल मायला. तिला चालवता येत नाही, विकावी.

३. पास्टरांना काही नाही. माझ्या मातीला त्यांनी बोलू नये. खुशीच्या मातीला बोलले तेवढं पुरे: "घरच्यांचा विश्वास कमी पडला."

खुशी माझी धाकटी बहीण. तिलाही हाच आजार. आमच्यात एक जानेवारीला प्रार्थनेनंतर ताटातून वर्षभरासाठी बायबलातल्या वचनाचं एक कार्ड उचलतात. २००९ ला ती अंथरुणावर होती, म्हणून तिच्या नावानं मी उचललं. बरं करण्याचं वचन निघालं. मायनं भाताच्या शितांनी ते तिच्या गोळ्यांच्या डब्यावर चिकटवलं, अर्धं झाकणावर, अर्धं डब्यावर. आता डबा उघडायचा तर देवाचा शब्द फाडावा लागणार. कोणी उघडला नाही.

पोळ्याच्या दिवशी खुशी म्हणाली, "दादा, एक गोली दे ना. हाडं फुटून राहिले."

"कार्ड फाटन ना बाई."

"मंग मी फाटू का?"

हसत म्हणाली. मला मस्करी वाटली. मी बैल पाहायला गेलो. चौथ्या दिवशी तिला माती दिली.

४. तो डबा माझ्या पिशवीत आहे. कार्ड शाबूत आहे. मला पुरताना डबा माझ्या हातात द्यावा, उघडू नये. ज्याचा शब्द आहे त्याच्यापुढे ठेवून मी म्हणणार, वाच. तो तिथं भेटेल याची मला खात्री आहे. नसती, तर डबा कधीच नाल्यात फेकला असता.

५. जिवंत परत आलो तर कलम एक ते तीन रद्द. चौथं राहील.

साक्षीदार:
मुन्नालाल, पाळण्याचे मालक (सही)
सुलोचनाबाई, शेजारीण (डावा अंगठा, वाचून दाखवलं, रडल्या, मग उमटवला)

देवानंद बकाराम उईके (सही)
फुलचूर, ता. जि. गोंदिया
१४ मार्च २०११