मासे खोटे होते

४ मार्च, मंगळवार
वालचंदनगरच्या झुंबरतात्यांच्या यूट्यूब चॅनेलवर नवा व्हिडिओ — 'माळवस्तीचं पाणी विषारी'. मेलेल्या माशांचा ढीग दाखवलाय. शोधलं, तर फोटो पाच वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच राज्यातला. बातमीदार म्हणून तालुक्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहून टाकलं — ही बातमी खोटी आहे. अविराजसर, आमच्या पेपरचे संपादक, सहसा कौतुक करत नाहीत. आज 'शाब्बास रेश्मा' म्हणाले.

५ मार्च
माळवस्तीतून फोन. मोना म्हणून कुणी बाई. "मासं खोटं असतील ताई. माझी छकुली खोटी न्हाय. तीन महिन्यांची हाय, अन् व्हट निळं पडत्यात."
उद्या सकाळीच येते म्हटलं.

६ मार्च
वस्ती कऱ्हाटीच्या पुढं. मोनाचं दूध पुरत नाही, म्हणून ती पावडरचं दूध हातपंपाच्या पाण्यात कालवून पाजते. मायलेकींना तसंच गाडीत घालून बारामतीला आणलं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला ठेवून घेतलं. "ते पाणी आजपासून बंद."
हातपंपाचं पाणी बाटलीत भरून आणलं होतं, ते प्रयोगशाळेत दिलं. संध्याकाळी पुन्हा वस्तीवर. घरोघरी जाऊन विचारलं. आणखी एक तान्हं तसंच निघालं! त्याच्या आईलाही दवाखान्यात जायला लावलं.

७ मार्च
वालचंदनगरला तात्यांकडं. कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर, घरात एकटेच.
"खोटा फोटो का लावलात?"
"हातपंपाचा फोटो कोण बघतंय? सा महिनं सांगतोय, कोण येत न्हाय."
"त्या माशांमुळंच तर मी बातमी खोटी ठरवली, तात्या. लेकरांपर्यंत गेलेच नाही."
तात्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "माझंबी चुकलं म्हण की."
माझंबी — म्हणजे तुझंही. बरोबरच आहे.

१२ मार्च
अहवाल आला. पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या तिप्पट; तान्ह्यांचे ओठ त्यानंच निळे पडतात. दोन्ही बाळं आता बरी, छकुली तर घरीसुद्धा गेली.
त्याच ग्रुपवर लिहिलं : फोटो खोटा होता, बातमी खरी होती. चूक माझी. पाठवलं.
तात्यांनी जुना व्हिडिओ काढला. नव्यात नुसता अहवाल वाचून दाखवलाय, चष्मा सावरत.

१५ मार्च
आमच्या पेपरात पान सातवर चार ओळी. एवढ्याच? पण दुपारी वस्तीवर टँकर आला, कुणी पाणी पिऊ नये म्हणून हातपंपाला लाल रंग लागला.

१७ मार्च
इंदापूरकडच्या एका अंगणवाडीताईंचा फोन. "बातमी वाचली. आमच्याकडंबी तशी निळ्या व्हटांची दोन लेकरं हायत. आमी त्याला जन्माचंच दुखणं समजत हुतो."