तीन सिलिंडर, चार सिलिंडर आणि शेजारची सीट

सन्माननीय दादा,

साष्टांग नमस्कार (पत्रात आडवं पडायची सोय नसल्यामुळे तो मनातल्या मनात घातला आहे असं समजावं). वहिनींनाही नमस्कार. तुमची कंबर कशी आहे? दिवसभर नवशिक्यांना गाडी शिकवायची आणि प्रत्येकाच्या पहिल्या क्लचला आपलं डोकं काचेपर्यंत नेऊन परत आणायचं, हा धंदा तुम्हीच करू जाणे. इकडे आम्ही सगळे ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो, पण आई त्याहून जास्त कुरकुरते, त्यामुळे गुडघ्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

पत्रास कारण तुमची बहीण. तिला टेकडीवरच्या इस्पितळात एक्स-रे विभागाची मुख्य केलं आहे. आनंदाची गोष्ट, पण तिथला चढ असा की आमची जुनी गाडी पहिल्या वळणावर धापा टाकते आणि दुसऱ्या वळणावर आम्हाला खाली उतरवते (म्हणजे मला, आई उतरत नाही). एक तारखेला हजर व्हायचं आहे. तोवर चढ चढणारी गाडी दारात आली नाही तर मी वर स्टाफ क्वार्टरमध्ये राहायला जाईन, असं तुमच्या बहिणीने भाजी चिरता चिरता जाहीर केलं. दादा, तुमच्यापाशी काय लपवायचं? ती गेली तर हे घर मला खायला उठेल. म्हणून मी तडक उठलो आणि अभ्यासाला बसलो.

हल्ली छोट्या गाड्यांमध्ये टर्बो पेट्रोल इंजिन मिळतं (तुमच्या शाळेच्या गाडीत ते नाही, तिच्यात कधी कधी हॉर्नही नसतो). इंजिनाने धूर म्हणून बाहेर टाकलेल्या हवेवर एक पंखा फिरवायचा, त्याच्या जोरावर ताजी हवा आत कोंबायची, आणि लहान इंजिनाकडून मोठ्या इंजिनाचं काम काढून घ्यायचं. आमच्या ऑफिसचं धोरण तंतोतंत हेच आहे, फक्त ताजी हवा देत नाहीत. आता प्रश्न असा, की एक लिटरचं तीन सिलिंडरवालं घ्यावं की त्याहून जरा मोठं, चार सिलिंडरवालं? तीनवालं हलकं आणि पोटाला कमी, पण सिग्नलला उभं असताना सीटखाली असं थरथरतं की आईला वाटलं आपल्याला थंडी वाजून येतेय. चारवालं म्हणे लोण्यासारखं चालतं, पण पेट्रोल पिताना मागेपुढे बघत नाही. यावर मी डोळे लाल होईस्तोवर व्हिडिओ पाहिले. सगळे पंडित तासभर घसा कोरडा करून शेवटी एकच सांगतात, ज्याची त्याची गरज. अरे बाबा, गरज कळली असती तर तुझ्या दारात कशाला आलो असतो! ऑफिसात मात्र माझा दबदबा वाढला आहे. लोक फाइल बाजूला ठेवून मला टर्बोबद्दल विचारतात, आणि मी सांगेन त्याच्या बरोबर उलट गाडी घेऊन सुखाने फिरतात.

तर पहिल्या शोरूमची तीनवाली गाडी चढावर नेली तो प्रसंग. माझं तत्त्व असं, की तुलना करणाऱ्याने चालवणाऱ्याच्या शेजारी बसावं. चालवणाऱ्याचे हातपाय अडकलेले, तो कसला डोंबलाचा विचार करणार! तेव्हा तुमची बहीण चाकावर, मी शेजारी, मागे आई आणि विक्रेता, आणि डिकीत आईचं शिलाई मशीन (रिकामी गाडी काय कुणीही चढवेल). टर्बोला एक खोड असते. पाय दाबला की आधी काहीच होत नाही आणि मग एकदम सगळंच होतं. याला लॅग म्हणतात. तो नीट जोखायचा तर चढावर तिसऱ्या गिअरमध्ये वेग पडू द्यायचा आणि मग दाबायचं. तुमची बहीण म्हणाली, दुसरा टाकते. मी म्हटलं थांब, आत्ता लागेल. गाडी हिसके खाऊ लागली. मी म्हटलं, आत्ता लागेल. गाडी बंद पडली. मी पुन्हा तेच म्हणणार, तोवर आम्ही मागे यायला लागलो होतो. तुमच्या बहिणीने ब्रेकवर पाय रोवला, एका हाताने हँडब्रेक ओढला आणि दुसऱ्याने माझं तोंड दाबलं (दोन्ही गरजेचं होतं). विक्रेता आईच्या मांडीवर आला. मग हिने मुकाट पहिला टाकला, मग दुसरा, आणि एका दमात वर नेली. वर पोचल्यावर मी इंजिन चालू ठेवून सगळ्यांना आतच बसवून ठेवलं, कारण तापलेला टर्बो एकदम बंद करू नये. आई म्हणाली, मीही तापले आहे.

त्या शोरूमचा निरोप आला की मॅडम केव्हाही येऊ शकतात. (माझा उल्लेख नाही.) दुसऱ्या शोरूमात माझी कीर्ती माझ्याआधी पोचली होती, त्यामुळे चारवाल्याची परीक्षा राहिली आणि तुलना अर्ध्यावर लटकली. तुमच्या बहिणीचं म्हणणं, घरात एक टर्बो आहेच, दुसरा कशाला? काही काम सांगितलं की आधी सामसूम, मग नको तेव्हा धावपळ. मी हे हसण्यावारी नेलं (आणि दोन दिवस बोललो नाही).

बाकी क्षेम. लोभ आहेच, तो तिसऱ्या गिअरमध्येही चढता राहो.

तुमचा,
बहिणीचा नवरा

ता. क. इंजिनाबद्दल तुमचं मत कळवू नका, गोंधळ वाढतो. काम वेगळंच आहे. मला गाडी येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. दिवसभर उभी राहून ती दमून खाली उतरणार, तेव्हा तरी चाक माझ्या हातात असावं असं फार वाटतं हो. तुमच्या त्या बिनटर्बोच्या म्हातारीवर मला शिकवाल का?

आणखी ता. क. हिला अजिबात कळू देऊ नका. मला तिला चकित करायचं आहे. ती बाजारात निघालीच आहे, तेव्हा हे पत्र पोस्टात टाकायला तिच्याकडेच देतो.

दादा, आता मी लिहितेय. पाकीट यांनी चिकटवलंच नव्हतं. गाडी मी परवाच ठरवली. किती सिलिंडरची ते यांना सांगितलेलं नाही. अभ्यास चालू असला की घरात शांतता असते. क्वार्टरसाठी मी अर्जसुद्धा केला नव्हता, पण तसं म्हटल्याशिवाय हे हलतात कुठे? मला काही माहीत नाही असंच दाखव आणि यांना शिकव. तुझ्या बाजूच्या ब्रेकवरचा पाय मात्र काढू नकोस. लॅग फार आहे रे, पण एकदा जोर लागला की हा माणूस चढ सोडत नाही.