पिंपातल्या खवल्या

१० जानेवारी
पेपरात वाचलं : तलावांतले गावठी मासे संपत चाललेत. बाहेरून आणलेली चिलापी त्यांची पिल्लं गिळते. मन थेट शाळेच्या बाकावर. कवितेच्या पुस्तकातली ती निळी तळी! निश्चय : त्यातली खवली, ती छोटी गावठी मासळी, मीच वाचवणार. पिल्लं घरी वाढवायची, मोठी झाली की तलावात सोडायची. लालबागचा मालवणी मी. मासे मला कोण शिकवणार?

१२ जानेवारी
गळ टाकणारा मित्र जगदीश तलावावरून बोटभर खवल्या कॅनमधून घेऊन आला. मोरीतल्या पिंपात सोडल्या. आमची मीरा म्हणाली, आता आंघोळ काय माशांका विचारून करू? संशोधकांच्या बायकांनी असं बरंच सोसलंय.

१५ जानेवारी, सकाळ
जगदीशने जिवंत मरळ आणून दिला. म्हणाला, अण्णा, वहिनींना झणझणीत रस्सा करायला सांग. मीरा म्हणाली, तळ्यातलो मासो माझ्या टोपात नाय. उत्तम! तोही गावठीच. चेहरा आमच्या हेडमास्तरांचा. पोरक्या पिल्लांना कुणी वडीलधारं हवंच. पिंपात सोडला.

१६ जानेवारी
शिस्त आली. पिंपात अगदी शांतता.

१८ जानेवारी
खवल्या दिसत नाहीत. तळाशी अभ्यास करत असाव्यात. मरळ मात्र छान भरलाय. रोज कविता म्हणून दाखवतो, ती मानवली. आज स्वतःच रचली :
निळ्या जळाची शाळा भरली,
गुरुजींपाशी मुले विसावली.
नात आकांक्षा म्हणाली, आजोबा, मरळ मासे खातो, गूगल करा. म्हटलं, बाळ, परका खातो. आपला कसा खाईल?

२२ जानेवारी
चाळीच्या सत्यनारायणाला पिंप सगळ्यांना दाखवणार. बोर्ड रंगवला : 'येथे खवल्या सुखरूप आहेत.'

२६ जानेवारी
पूजा झाली. अख्खी चाळ पिंपाभोवती. झाकण काढलं. मरळाने ढेकर द्यावी तसं तोंड वर काढलं. बाकी नुसतं पाणी. जगदीश ओरडला, अरे अण्णा, ह्याला खवल्यांत सोडलास? गळाला खवली लावूनच पकडला होता ना मी ह्याला!
तीर्थप्रसाद घेतला नाही. लवकर झोपलो.

२७ जानेवारी
पाणी उपसून पाहिलं. एकही नाही. चिलापीलाही इतकं चोख जमलं नसतं.
मरळ जगदीशने तलावात नेऊन सोडला. म्हणजे, त्याच्या पोटातून का होईना, माझ्या खवल्या तलावात पोचल्या. मीराला तसं म्हटलं.
तिने पिंप आडवं केलं आणि घासायला काथ्या माझ्या हातात दिला.