फोन एक, आम्ही दोघी

६ ऑक्टोबर, सोमवार

यंत्राला नाव कशाला लागतं? म्हणे दिशा! डॉक्टरांच्या मुलीनं ठेवलं.

ओपीडी संपल्यावर डॉक्टरांनी आत बोलावलं. "नूतन, उद्यापासून दवाखान्याचा फोन दिशा उचलेल. एआय आहे. मराठी बोलते, अपॉइंटमेंट देते, रात्रीही उचलते. तू फक्त लक्ष ठेव. कुठं चुकली की अक्षयला सांग, तो सुधारेल." अक्षय म्हणजे ते बसवून देणारा पोरगा. खारघरहून आला होता. शेजारीच उभा राहून हसत होता, जणू माझ्यासाठी मिठाईच आणलीय.

आठ वर्षं या डोळ्यांच्या दवाखान्याचा फोन मी उचलते. पेणला चार दिवस, मंगळवार-शुक्रवार डॉक्टरांबरोबर रोह्याला. आता मी हिला शिकवायचं. शिकली की माझं काय? विचारलंच मी. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, नोव्हेंबरअखेर ठरवू, दोघींचा खर्च परवडायला हवा.

दोघींचा! ती कुठं जेवते?

७ ऑक्टोबर, मंगळवार

रोहा. दिवसभर कानाला हेडफोन लावून दिशाचं बोलणं ऐकलं. "नमस्कार, मी दिशा. आपल्याला काय मदत करू?" आवाज गोड आहे, खोटं कशाला बोलू.

पण आमची माणसं तशी बोलतात का? इकडचा फोन सुरू होतो, "कोण? हां... जेवलीस का गो?" मग पाऊस. मग भात कुठवर आलं. मग, "काय नाय, बरं हाय सगलं, सहज केला फोन." आपलं दुखणं समोरच्याच्या तोंडावर एकदम टाकायचं नाही, बरं दिसत नाही ते. खरी गोष्ट फोन ठेवता ठेवता येते. मी आपली खेकसते, "डोळ्यांच्या दवाखान्यात सहज कोण फोन करतं हो?" की लगेच बाहेर पडतं, "व्हय गो, तीन दिस झाले, डोला उघडत नाय."

दिशा "बरं हाय" ऐकते आणि म्हणते, "हे ऐकून आनंद झाला." आणि पुढची तारीख देऊन मोकळी! पहिल्यांदा हसले मी. चौथ्यांदा नाही हसले. अक्षयला फोन करून सांगितलं, "बरं हाय" वर थांबू नका, पुढं विचारायला लावा तिला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

अक्षय म्हणतो, "नोट केलंय, ताई."

१२ ऑक्टोबर, रविवार

पुंडलिकशी भांडण. नवरा माझा, बाजू दिशाची!

तो नागोठण्याजवळच्या कंपनीत ठेकेदाराकडं आहे. म्हणाला, "आमच्या दुसऱ्या पालीच्या पोरांना बरी पडते ती. शिफ्ट सुटल्यावर फोन केला तरी उचलते. परवा आमच्या एका फिटरचे डोले वेल्डिंगनं सुजले. सकाली पहिला नंबर भेटला त्याला. तू उचलला असतास रात्री फोन?"

नसता उचलला. पण म्हणून काय माझी नोकरी घालवायची?

"आणि तू वरडतेस," म्हणाला. "मी ओरडत नाही!" हे मी ओरडूनच म्हटलं.

जेवून हात धुताना त्यानंच सांगितलं. त्यांच्या कंपनीत आता एआयचा कॅमेरा लावलाय. कोणी हेल्मेटशिवाय आत गेलं तर ओळखतो आणि भोंगा वाजतो. मागच्या आठवड्यात भोंगा वाजला म्हणून एक जण मागं सरला आणि वरून पाइप खाली पडला. वाचला. आणि त्याच कॅमेऱ्यात बघून ठेकेदारानं दोघांना काढून टाकलं, चहाला जास्त वेळ गेला म्हणून. दोन्ही खरं! आता यावर मी काय मत करायचं? वर्तमानपत्रात लिहितात फायदे-तोटे, एका बाजूला हे, एका बाजूला ते. ज्याचं डोकं वाचलं आणि ज्याचं काम गेलं, ते एकाच गाडीतून घरी जातात.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आईनं परत दवाखान्याच्या नंबरवर फोन केला, हेडफोनवर तिचा आवाज ऐकून मीच घेतला. बाबा गेल्यापासून कासूला एकटीच असते. मी वैतागले. "माझ्या मोबाईलवर कर ना गं, किती वेळा सांगू!" तर म्हणे, "ह्योच नंबर भिंतीवर लिवलेला हाय." एवढंच. ठेवून दिला.

दिवाळीला ये म्हणाले तर म्हणते, भातकापणी आहे शेजारच्यांची. शेजारच्यांची! जाऊ दे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

सुट्टी. दिशाला नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

आज गरम डबा खाल्ला. खुर्चीवर बसून, सगळा. फोन वाजत होते आणि ती उचलत होती. आठ वर्षांत पहिल्यांदा मला आमटीची चव लागली.

मग स्वतःचाच राग आला. असा निवांत डबा खात बसायची सवय लागली की एक दिवस घरीच बसून खाशील, नूतनबाई.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहवत नाही. लिहिते तरी.

रोह्याच्या ओपीडीत निडीचे काळुराम आले. साठीचा माणूस. आमचा जुना पेशंट, दरवर्षी वालाच्या शेंगा आणून देणारा. उजव्या डोळ्यावर रुमाल धरलेला. रुमाल काढला. बुबुळावर पांढरा ठिपका. डोळा लालभडक.

भात झोडताना कुसळ गेलं होतं डोळ्यात. या दिवसांत हे दरवर्षी होतं. लगेच आलं तर औषधानं बरं होतं. थांबलं तर जखम चिघळते. ही गोष्ट इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग हे थांबले का? "फोन केलता की. आजची तारीख दिली."

डॉक्टरांनी तिथंच रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. आठवडा उलटून गेलेला फोन. काळुराम आधी जेवलीस का विचारतात. दिशा म्हणते, मी सहायक आहे, आपल्याला काय मदत करू. "काय नाय, बरं हाय. झोडनी चाललीय. जरा खुपतंय डोल्यात, चालायचंच." ती विचारते, वेदना तीव्र आहेत का? "नाय नाय, बरं हाय." ऐकून आनंद झाला, म्हणते ती. सात तारीख देते. हे धन्यवाद म्हणतात!

मधल्या दिवसांत मेडिकलमधून कुठलेसे थेंब आणून घातले. त्यानं आणखी बिघडलं. डॉक्टरांनी लगोलग मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं.

मी असते तर? खेकसून विचारलं असतं मी, खुपतंय म्हणजे काय, कशानं? विचारलंच असतं. दमलेली असते तर कदाचित नसतं विचारलं. नाही, विचारलं असतं!

१० नोव्हेंबर, सोमवार

अक्षयला फोनवर धुतला. महिन्यापूर्वी सांगितलं होतं ना? "नोट केलंय" म्हणजे काय केलंत? कुठं केलंत? तो म्हणाला, "ताई, पेशंटनं स्वतःच सांगितलं ना बरं आहे म्हणून. सिस्टीमला कसं कळणार?"

मला रडू आलं. रागाचं. असं रडू आलं की बोलता येत नाही आणि समोरच्याला वाटतं आपण जिंकलो.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काळुरामांच्या मुलाचा फोन. डोळा राहिला, नजर नाही. उजेड तेवढा कळतो.

मग काळुरामांनीच फोन घेतला. मी तयारीत होते, शिव्या देतील, द्याव्यातच. तर हळूच म्हणतात, "बाय, तिला काय बोलू नका. मीच सांगितलं ना बरं हाय म्हणून. चूक माझीच."

अरे, तुम्ही तरी भांडा की! तुमचा डोळा गेलाय!

१५ नोव्हेंबर, शनिवार

अक्षय स्वतः आला. उतरलेला चेहरा. दुपारभर माझ्याशेजारी बसला, मी सांगत गेले, तो करत गेला. "बरं हाय" वर थांबायचं नाही. घाई करायची नाही. जेवणाचं विचारलं तर उत्तर द्यायचं, मग परत विचारायचं, आणि फोन ठेवायच्या आधी आणखी एकदा. कुसळ म्हटलं की त्याच दिवशी. अचानक अंधूक, त्याच दिवशी. दिव्याभोवती रंग दिसले की लवकरात लवकरची वेळ. तो गेल्यावर मी दोन-चार फोन ऐकले. बरी विचारत होती. चिडत नव्हती.

हे आधी केलं असतं तर. डोक्यात दुसरं काही येत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

डॉक्टर म्हणतात, आता सुधारलीय ना, मग राहू दे की. मी म्हटलं, सर, पुढची चूक कोणाच्या डोळ्यावर कळणार आपल्याला? ते पुढच्या पेशंटचा कागद बघायला लागले.

मग माझ्या तोंडून गेलं. "एक तर ती, नाहीतर मी."

घरी येईपर्यंत पगाराचा हिशोबच करत होते. पुंडलिकच्या ठेकेदारानं यंदा बोनसही दिला नाही, आणि मी राजीनाम्याची भाषा करून आले! त्याला सांगितलं नाही अजून.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

डॉक्टरांनी परतीच्या वाटेवर गाडीतच सांगितलं. मंगळवारपासून दिशा बंद. रोह्यात काळुरामांची गोष्ट पसरलीय, पेशंट तोंडावर विचारतात. "तूच बरी," म्हणाले.

तूच बरी! आठ वर्षांत पहिल्यांदा असलं काही बोलले. वडखळला गाडी थांबवून त्यांनी चहा पाजला. घरी जाताना मी जिलबी घेतली. पुंडलिकला सगळं सांगितलं, तेव्हा आधी घाबरला, मग हसला. "जिंकलीस गो," म्हणाला.

हो, जिंकले. काळुरामांचा डोळा गेला म्हणून जिंकले, हेही माहीत आहे मला. पण माझं काम राहिलं. त्याचा आनंद मी का लपवू?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

दिशा बंद. अक्षयनं लांबूनच बंद केली, एक बटण दाबून असेल. मला वाटलं होतं काहीतरी होईल. काही झालं नाही.

रोह्याला दिवसभर फोनच फोन. डबा तसाच परत आणला. एका बाईवर ओरडले, "अहो, आधी सांगा ना काय होतंय!" तिनं ठेवूनच दिला. परत लावला तर उचलला नाही. दिशानं देऊन ठेवलेल्या उद्याच्या वेळांची यादी बघायची होती, तीही बघितली नाही. कंटाळा आला आणि जरा रागही. तिच्या पेशंटना उद्या बघू म्हटलं.

शटर ओढताना आत फोन वाजत होता. वाजू दे म्हटलं. मीही माणूस आहे.

२६ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी पेणला शटर उघडायला गेले तर पायरीवर आई! दिशानं दिलेली वेळ. पहिला नंबर.

काचबिंदू. डोळ्यांतला दाब फार वाढलेला. डॉक्टरांनी आजच लेझर केलं. म्हणाले, वेळेत आल्या, थोड्या दिवसांनी आल्या असत्या तर नजर गेली असती, आणि गेलेली नजर परत मिळत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुलाच लावलेला गो फोन, परवा सांजंला. तिनं उचालला. मी म्हटलं बरा हाय. तरी इचारीत रायली, दमान. मंग सांगितलं तिला, दिव्याला रंगाची कडी दिसतान. चार येला बोललू आमी. तुला सांगितलं असतं तं तू वरडली असतीस."

मग पिशवीतून डबा काढला. पोह्याचे पापड. मी हात पुढे केला तर तिनं डबा मागं घेतला.

"तुला नाय. त्या दिशाला आनलेत. कुठं बसते ती?"

ती कालच काम सोडून गेली, असं सांगितलं मी.