दादाचा भात

ठाणे, पौष वद्य षष्ठी, शके १८१२

आज कल्याणला दादाकडे गेलो. त्याचे पाय इतके सुजलेले की वहाण चढेना. बोटाने दाबून पाहिले, तर खळगा तसाच राहिला.

दोन महिन्यांपूर्वी मीच त्याचा भात सोडवला. मधुमेह आम्हा दोघांनाही. भात-पोळी टाकून मटण, मासळी, अंडी यांवर मला बरे वाटले, मग काय, मी वैद्यच झालो! "भावोजी, आधी डॉक्टरांना दाखवू या," वहिनी म्हणाली होती. मी हसलो. का हसलो?

आज डॉक्टरांकडे नेले. त्यांनी नळीत लघवी तापवली, ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठली. म्हणाले, "मूत्रपिंडे आधीच बिघडलेली असावीत. त्यात एवढे मांस? ते बंद, थोडा भात चालेल. हे पथ्य सांगितले कोणी?"

"माझे मीच ठरवले," दादा म्हणाला.

आणि मी? शेजारीच बसून डॉक्टरांच्या नळीकडे पाहत राहिलो.

घरी वहिनीने दादाला मऊ भात वाढला. माझे लक्ष त्याच्या पायाकडे, त्या खळग्याकडे. दादाने घास उचलला, थांबला, आणि माझ्याकडे पाहून विचारले, "खाऊ ना रे?"