अबोल्यानंतरचे दिवस

॥ श्री ॥
जळगाव, ता. ६-११-१९६८

ती. सौ. आईस,
तारीचा सा. न. वि. वि.

नेमीचंदचं पत्र काल पोचलं. मुंबईच्या डॉक्टरांनी बापूजींना रक्ताचा कॅन्सर सांगितला, हे तू महिनाभर माझ्यापासून लपवलंस. त्याचं भांडण धुळ्याला आले की करीन. आधी कामाचं. तो लिहितो की परक्यांच्या दोन बाटल्या मिळाल्या, पण आता बापूजींच्या गटाचं रक्त कुठे मिळत नाही आणि मुलगा असून त्याचं स्वतःचं जुळत नाही. मी आज इथे तपासून घेतलं. माझं जुळतं. सासूबाईंना भीतभीत विचारलं, तर त्या म्हणाल्या, विचारतेस काय, बॅग भर. मग तू मला बोलावत का नाहीस? उलटटपाली लिही.

तुझी, तारी

॥ श्री ॥
धुळे, ता. ९-११-१९६८

चि. सौ. तारीस,
आईचे अ. उ. आ. जावईबापूंना जय जिनेन्द्र.

बॅग भरली असशील तर रिकामी कर. तुझे बापूजी नको म्हणतात.

त्यांचा नेम तुला नवा नाही. तुझ्या लग्नाला सतरा वर्षं झाली. कापसाच्या सौद्याला जळगावला येतात, तुझ्या ओट्यावर बसतात, पण पाणी पितात ते स्वतःच्या फिरकीच्या तांब्यातलं. लेकीच्या घरचं काही घ्यायचं नाही. मीही तुझ्याकडे कधी जेवले नाही. पण पाणी वेगळं आणि रक्त वेगळं, हे सांगून मी थकले. परक्या माणसाचं चालतं, पोटच्या पोरीचं चालत नाही. शेवटी म्हटलं, तारीच्या अंगात तुमचंच तर रक्त आहे. त्यावर म्हणाले, कन्यादान केलं तेव्हा तेही दिलं, दिलेलं परत घेत नाहीत.

डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या आठवड्यात रक्त चढलं नाही तर कठीण आहे. चढलं तरी रोग जाणार नाही, थोडे दिवस मिळतील. मला तेवढेच हवे आहेत. एवढी वर्षं संसार केला, कधी काही मागितलं नाही, आणि आता चार दिवस जास्त मागते तर यांचा नेम आडवा येतो. असा संताप आला की परवापासून मी त्यांच्याशी अबोला धरला आहे. औषध देते, पाय चेपते, पण तोंडातून शब्द काढत नाही. बघू कोण आधी वाकतं ते.

कळावे. माया कमी करू नकोस.
तुझी, आई

॥ श्री ॥
जळगाव, ता. ११-११-१९६८

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, हे काय मांडलं आहेस? अबोला धरायचे हे दिवस आहेत का? ते हट्टी आणि तू त्यांच्यावर कडी. दोघांच्या हट्टात तो आठवडा सरून जाईल.

माझं ऐक. मी गुपचूप येते. डॉक्टरांना सांग, परक्याचं म्हणून चढवा. बापूजी बाटलीला नाव विचारणार आहेत थोडेच? पाप लागलं तर मला लागू दे. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की हातातलं टाकून दाराशी धावते. तारेने कळव, पण कळव.

तुझी, तारी

॥ श्री ॥
धुळे, ता. १३-११-१९६८

चि. सौ. तारीस आशीर्वाद.

दुकानातले तोताराम जळगावला निघाले आहेत, त्यांच्याबरोबर ही चिठ्ठी. तुझी युक्ती माझ्याही मनात आली होती, पण ते शुद्धीत असताना त्यांना फसवायला मन होईना. आज सकाळी त्यांचं तोंड पुसत होते, तर माझा हात धरून म्हणाले, तारीला बोलाव, घेतो. मला हुंदकाच आला. का घेता, ते विचारलं नाही. विचारलं आणि विचार फिरला तर काय करू? मिळेल त्या एस.टी.ने नीघ.

आई

॥ श्री ॥
धुळे, ता. २२-११-१९६८

चि. सौ. तारीस अ. उ. आ.

तू रक्त देऊन गेलीस तेव्हापासून बापूजींच्या चेहऱ्यावर जरा तेज आहे. गट्ट्याची भाजी मागून खाल्ली, वर मीठ कमी म्हणून मला बोल लावला. सारखे बोलतात. कालपासून मात्र अंगावर निळे डाग उठले आहेत आणि डॉक्टर माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

आज स्वतःहून म्हणाले, तारीला विचार, आणखी एक बाटली देशील का म्हणावं. डॉक्टर तुझं रक्त इतक्यात पुन्हा घेणार नाहीत हे मला माहीत आहे. पण त्यांनी मागितलं, एवढं तुला कळावं म्हणून हे कार्ड.

तब्येतीला जप.
तुझी, आई

॥ श्री ॥
धुळे, ता. ९-१२-१९६८

चि. सौ. तारीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. बापूजींना शेवटचं पोचवून घरी परतलीस तेव्हा माझं कार्ड तिथे येऊन पडलं होतं, ते वाचून तू दिवसभर जेवली नाहीस, असं लिहितेस. नेमीचंदने कार्ड पेटीत टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याला तुला तार करावी लागली. त्यात तुझं काय चुकलं? जेवत जा, बाई.

तुझ्या भंवरी आत्या पारोळ्याहून आल्या होत्या. सगळ्यांदेखत म्हणाल्या, भावाने जन्मभर पाळलेला नेम बायकोने अबोला धरून मोडायला लावला. माझ्या हट्टापुढे ते हरले, असं मलाही वाटत होतं, आणि आधी त्याचा आनंदही झाला होता. पण तुला खरं सांगते. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना विचारलंच, माझ्या अबोल्याला भिऊन रक्त घेतलंत का?

हसले. म्हणाले, "तुझ्या अबोल्याला मी कधी भ्यालो? पण तसाच गेलो असतो तर तुला जन्मभर तो अबोलाच आठवला असता. मधे थोडं बोलणं व्हायला हवं होतं."

म्हणून ते एवढं बोलत होते, तारी. दुकानातल्या गिऱ्हाइकांवर, नेमीचंदच्या अक्षरावर, तुझ्या लग्नात उधळलेल्या घोड्यावर. घाम फुटायचा तरी थांबत नव्हते. आणि मी वेडी, दमाल, गप्प पडा, म्हणून त्यांना रागवत होते. दुसरी बाटली त्यांनी कशासाठी मागितली तेही आता कळतं.

तो अबोला मला आठवतो, नाही असं नाही. पण आधी त्यांचा आवाज येतो.

पोरांना जवळ घे. तुझा लोभ आहेच, तो असाच राहू दे.

तुझी, आई