चार इंचांचा खुलासा

तांडा, दिग्रसजवळ

आदरणीय सुनीलभाऊ यांना जीवन आडेचा जय सेवालाल.

आम्ही इकडे मजेत आहोत. तुम्ही, वहिनी, लेकरं आणि हळद या सगळ्यांची तब्येत ठीक असेल असं धरून चालतो. (हळदीवर करपा पडल्याचं तुम्ही मागं म्हणाला होता, फवारणी झाली असेल.) गुडघा कसा आहे? तिळाचं तेल लावत जा, मोबाइलवर पाहून काही करू नका. खरं म्हणजे हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण तुमचा फोन कोणी उचलत नाही. सासूबाईंचाही नाही आणि बबिताचाही नाही. तुमच्या घराच्या भिंती जाड आहेत, आत रेंज पोचत नसेल, असं मी समजतो. म्हणून पत्र लिहायला बसलो.

माझी बायको आणि माझ्या सासूबाई, म्हणजे तुमची बहीण आणि तुमची आई, सध्या ढाणकीला तुमच्याकडे आहेत. त्यांनी जीपबद्दल काही सांगितलं असेल. जे सांगितलं ते खरंच असेल, पण त्यात गाडीची बाजू आली नसेल. ती मी मांडतो.

गाडी तुम्ही पाहिलेली आहे. दोन दारांची, आखूड. पुढच्या आणि मागच्या चाकांत इतकं कमी अंतर की तुम्ही पहिल्यांदा पाहिली तेव्हा उरलेली कुठं आहे म्हणून विचारलं होतं. मी तेव्हा हसलो, पण आखूड असण्यात अर्थ असतो भाऊ. नाल्यातून वर येताना लांब गाडीचं पोट घासतं, आखूड गाडी बकरीसारखी चढते. अडचण एकच होती. आपल्या वावराच्या वाटेवर ट्रॅक्टरनं खोल चाकोऱ्या पाडल्या आहेत, आणि दोन चाकोऱ्यांच्या मधे काळ्या मातीचा जो उंचवटा उरतो त्यावर जीप टेकायची. चाकं फिरतात, गाडी जागेवर, खाटेवर पडल्यासारखी. यंदा दिवाळीनंतर कापूस भरून आणताना ती अशीच टेकली. शेजारच्या वावरातल्या रामरावांनी बैल लावून ओढून दिली. चांगला माणूस आहे, एका शब्दानं बोलला नाही. फक्त बैल लावायच्या आधी त्यानं एक फोटो काढला. तो फोटो संध्याकाळपर्यंत तांड्यावरच्या प्रत्येकाकडे होता.

बबिताचं म्हणणं, ‘त्या वाटेवर दोन ट्रॉल्या मुरूम टाका. गाडीले काहून हात लावता?’ मी तिला शांतपणे समजावलं की मुरूम एकाच वाटेवर पडतो, उंच गाडी मात्र सगळ्या वाटांवर चालते. ती म्हणाली, ‘आपल्याले एकाच वावरात जायचं हाये.’ (बायकांना पुढचा विचार नसतो असं मी इथं लिहिणार होतो, पण हे पत्र तिच्या हाती पडू शकतं.)

मग मी अभ्यासाला लागलो. आखूड जीप उंच करायच्या तऱ्हा आहेत. एक म्हणजे स्प्रिंगच्या पाट्यांखाली लोखंडी ठोकळे सारायचे. हे माझ्या आईनं, आमच्या लालीबाई याडीनं, ऐकताक्षणी नापास केलं. खाटेखाली विटा लावल्या की खाट हलते, असं तिचं म्हणणं. दुसरी तऱ्हा, पाटे ज्या पट्ट्यांनी चेसिसला लटकतात त्या पट्ट्या लांब करायच्या. यात गाडी उंच होते पण नाक मुरडल्यासारखी दिसते. आणि खरी तऱ्हा म्हणजे अख्खं लिफ्ट किट. नवे जास्त कमानीचे पाटे, लांब शॉकअप, लांब ब्रेकपाइप, सगळं एका खोक्यात. मी रोज जेवताना यावर माहिती पाहत असे आणि घरच्यांनाही सांगत असे. (बबिता त्या दिवसांत जेवण लवकर उरकायची.)

दिग्रसला जिनिंगच्या मागं जाफरभाईचं गॅरेज आहे. त्याच्याकडे दोन किट होती, एक दोन इंची आणि एक चार इंची. दोन इंची बसवलं की काम संपलं. चार इंचीबद्दल तो जरा घुटमळला. म्हणाला, ‘जीवनभाऊ, गाडी आखूड हाये. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकाकडे जो शाफ्ट जाते तो बी आखूड. लांब गाडी उचलली तं शाफ्ट थोडा तिरपा होते. हिची उचलली तं शिडीवानी उभा होईन. थरथर करन.’

मी विचारलं, ‘पण चालन का?’

‘चालन तं,’ तो म्हणाला.

आता मागं वळून पाहता त्या ‘तं’ला मी पुरेसा वेळ दिला नाही, एवढं मान्य करता येईल. चार इंची किट आधीच्या एका गिऱ्हाइकानं परत आणून दिलेलं होतं. का परत दिलं हे विचारण्यात मी वेळ घालवला नाही. मी घरून फावड्याच्या दांड्यानं उंचवटा मोजून गेलेलो होतो. दोन इंचांत गाडी जेमतेम सुटत होती, आणि जेमतेम हा शब्द मला पहिल्यापासून आवडत नाही.

किट बसलं. गाडी गॅरेजमधून बाहेर आली तेव्हा चहाच्या टपरीवरची माणसं उभी राहिली, हे मी स्वतः पाहिलं. तशीच वावराच्या वाटेला घातली. भाऊ, एकदाही टेकली नाही. चाकोऱ्या, उंचवटा, नाला, सगळं खालून निघून गेलं. रामराव वावराच्या कडेला धुऱ्यावर मोबाइल घेऊन उभे होते, त्यांनी तो खिशात ठेवला. लिफ्ट किटचा प्रश्न तिथं सुटला आणि तो मीच सोडवला, हे कोणालाही नाकारता येणार नाही.

फक्त तेव्हा गाडी रिकामी होती. कापूस वेचणाऱ्या बायांनी गाठोडी उचलली, जीपचा मागचा फाळका पाहिला आणि गाठोडी पुन्हा खाली ठेवली. त्यांच्यातली उज्ज्वला म्हणाली, ‘हे काय मचाण हाये का? घरी ने अन् बंडी आण.’ शेवटी कापूस रामरावांच्या बैलबंडीतून गेला आणि जीप तिच्या पुढं चालली, वाट दाखवत. वाट बैलांना माहीत होती, पण पुढं कोणी असलं की बरं दिसतं.

डांबरी रस्त्यावरही गाडी उत्तम चालते. एका ठरावीक वेगाला ती थरथरते, त्याच्या खाली ठीक असते आणि त्याच्या वरही ठीक असावी (वर मी गेलेलो नाही). स्टेअरिंग सरळ धरलं तरी ती स्वतःच्या विचारानं जराशी इकडे, जराशी तिकडे जाते. याचा फायदा असा की समोरून येणारी एसटी लांबूनच बाजू देते.

आता कळंबचं सांगतो. तुमच्या कानावर मुख्यतः तेच आलं असणार.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना कळंबला चिंतामणीला नारळ वाहायचा होता. कशासाठी ते तेव्हा त्यांनी सांगितलं नव्हतं. बबिता म्हणाली एसटीनं जाऊ. दारात गाडी उभी असताना एसटी कशाला, असं मी म्हणालो, आणि कोणताही जावई हेच म्हणाला असता. चढवताना थोडी खटपट झाली. आधी पाट, पाटावर स्टूल, मी वरून हात दिला, बबितानं मागून आधार दिला, सासूबाई घागरा सावरत वर आल्या. दारव्ह्यापर्यंत त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं रस्ता पाहताहेत. थरथरीमुळे तोंड उघडायची सोय नव्हती, हे मला नंतर कळलं.

कळंबला देवळाजवळ गाडी लावली आणि ध्यानात आलं की स्टूल घरीच राहिलं. सासूबाईंनी खाली पाहिलं आणि पाय आत घेतला. तेवढ्यात लोक जमले. आपल्याकडे लोक मदतीला कमी पडत नाहीत. रसवंतीवाल्यानं बाकडं आणलं, ते डुगडुगत होतं. एक जण म्हणाला आजींना पाठमोरं उतरवा, दुसरा म्हणाला समोरून. दोघांनी हाताची पालखी केली, पण परक्या माणसांच्या हातावर बसायला त्या तयार होईनात. मग मी खाली वाकलो आणि म्हणालो, माझ्या पाठीवर पाय ठेवा. त्यांनी कानाला हात लावला. जावयाच्या अंगाला पाय लावायचा म्हणजे त्यांच्या दृष्टीनं फार मोठी गोष्ट. मी तसाच वाकून होतो आणि कोणीतरी माझाही फोटो काढला.

शेवटी त्या म्हणाल्या, ‘राहू द्या जवाईबापू. मी इथूनच हात जोडते.’

बबिता एकटीच आत गेली आणि नारळ वाहून आली. तोवर सासूबाई वर, उघड्या जीपमधे, सगळ्या बाजाराच्या नजरेसमोर बसून होत्या. कळसाकडं तोंड करून त्यांनी हात जोडले. मी पाण्याची बाटली द्यायला वर पाहिलं तर त्या पदरानं डोळे पुसत होत्या. नारळ तुमच्या गुडघ्यासाठी होता, भाऊ. हे बबितानं परत येताना सांगितलं. त्यानंतर यवतमाळपासून घरापर्यंत कोणीच बोललं नाही, आणि या वेळी कारण थरथर नव्हतं.

घरी आल्यावर बबिता एवढंच म्हणाली, ‘गाडी उचलायची होती, उचलली तुम्ही. त्याच्यात बसणार कोण, हे कोनाले इचारलं?’ सकाळी दोघी पुसदच्या एसटीत बसल्या. जीपनं सोडून देतो असं मी म्हणणार होतो, पण बबितानं माझ्याकडे पाहिलं आणि मी बॅगा उचलल्या.

यावर माझी पुढची कारवाई तत्काळ झाली. गाडी जाफरभाईकडे नेली, चार इंची काढलं, दोन इंची बसवलं. (ते किट आता पुन्हा त्याच्या फळीवर आहे. कोणी विचारलं तर का परत आलं ते न सांगायचं आमचं ठरलं आहे.) शाफ्ट गप्प झाला. स्टेअरिंग माणसात आलं. दोन्ही बाजूंना रुंद पायदान आणि धरायला दांडी वेल्डिंग करून घेतली. आमच्या याडीला चढायला लावलं, तर ती काखेत कोंबडी धरून चढली आणि कोंबडीसकट उतरली. कापूस भरला की पाटे दबतात आणि गाडी पुन्हा टेकायला बघते, म्हणून वाटेवर दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घेतला. मुरमाची कल्पना फार चांगली निघाली. आता त्या वाटेवरून मोपेडसुद्धा जाते. थोडक्यात, सगळा निर्णय योग्य दिशेनंच गेला, मधे एक वळण आलं इतकंच.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद. तेल विसरू नका.

तुमचा,
जीवन

ता. क. — हे पत्र बबिताला वाचून दाखवायचं असेल तर ‘बायकांना पुढचा विचार’ ही ओळ गाळा. मुरमाचा भाग मात्र दोनदा वाचा.

ता. क. दुसरा — रविवारी मी ढाणकीला येतो आहे. सासूबाईंना कळंबला न्यायचं आहे, या वेळी आत, देवापुढं. त्या जीपमधे बसायला तयार झाल्या तर जीपनं जाऊ. एसटीनं म्हणाल्या तर एसटीनं. मी मागच्या सीटवर बसेन आणि गाड्यांबद्दल काही बोलणार नाही. तुम्ही मोठे आहात, तुमचा शब्द त्या मोडणार नाहीत. एवढा शब्द माझ्यासाठी टाका.

ता. क. तिसरा — वर मजेत आहोत असं लिहिलं ते पत्र सुरू करायची पद्धत म्हणून. आमची याडी भाकरी टाकते आणि माझ्याशी न बोलता ताट सरकवते. बबितानं माझ्याबद्दल काही विचारलं तर सांगा की जीवन वाट पाहतो. नाही विचारलं तरी सांगा.